प्लेऑफमध्ये मॅचअप ओळखायचा कसा? आधी शेवटचा बदल कुणाचा ते बघा

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडते. नाशिकहून ब्रॅम्प्टनला आल्यावर हा तुमचा दुसरा हिवाळा. ऑफिसात आइस हॉकीच्या स्टॅनली कप प्लेऑफचा (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांचा) पूल, म्हणजे निकाल ओळखायची पैज, लागलाय आणि तुम्हीही त्यात पैसे भरून बसलात. आता सहकारी जेवताना बोलतात, ‘हा मॅचअप आपल्याला जड जाणार’, ‘खरी गंमत तिसऱ्या लाइनमध्ये आहे’, आणि तुम्ही मान डोलावता. टीव्हीवर बघायला बसलं तर पक (चेंडूऐवजी असणारी रबरी चकती) कुठे आहे ते दिसेपर्यंत गोल झालेला असतो. तेव्हा मॅचअप, म्हणजे बर्फावर कोण कुणासमोर येतं ते, बघायचा कसा, लाइनअपच्या बातम्यांना किती किंमत द्यायची आणि सामना कुणाच्या प्रक्षेपणावर बघायचा, हे तुम्हाला हवंय.

मी मिसिसागात शाळकरी मुलामुलींच्या हॉकी संघांना बरीच वर्षं शिकवते. बाकामागे उभं राहून कोणते पाचजण आत सोडायचे आणि कुणाला बाहेर बोलवायचं, हे माझं काम. एनएचएलच्या, म्हणजे जिच्यात हा कप खेळतात त्या व्यावसायिक लीगच्या, प्रशिक्षकांपुढे तो पोरखेळच. पण दमलेला खेळाडू आठ वर्षांचा असो की अठ्ठावीसचा, वळताना हळू होतो आणि पक नको तिथे मारतो. प्लेऑफ बघताना माझी नजर म्हणून बाकाकडेच जाते, आणि तुम्हालाही मी तेच सांगणार आहे.

तुमची अडचण नियमांची नाही, तुम्ही पकच्या मागे धावताय ही आहे. पकवर नजर ठेवली की काय झालं ते कळतं. का झालं, ते त्याच्या अर्धा मिनिट आधी बाकावर ठरलेलं असतं.

साधा हिशेब घ्या. सामन्यासाठी प्रत्येक संघाचे वीसजण तयार होतात. त्यात दोन गोली, बहुधा बारा फॉरवर्ड आणि सहा डिफेन्समन. फॉरवर्ड तिघातिघांच्या चार लाइनमध्ये खेळतात, डिफेन्सच्या तीन जोड्या. एक पाळी साधारण पाऊण मिनिटाची, कारण त्याहून जास्त वेळ पूर्ण वेगात स्केटिंग करणं कुणालाच झेपत नाही. एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडसारखा तारासुद्धा साठातली बावीस-चोवीस मिनिटं बर्फावर असतो. म्हणजे निम्म्याहून जास्त सामना त्याच्याशिवाय चालतो. लोक ‘मॅकडेव्हिड विरुद्ध (फ्लोरिडाचा) बार्कोव’ असा मॅचअप सांगतात तेव्हा ते सामन्याच्या लहान तुकड्याबद्दल बोलत असतात. तो तुकडा महत्त्वाचा आहेच. पण दोघे एकमेकांना बांधून ठेवतात तेव्हा उरलेल्या वेळात कोण कुणासमोर येतं, माझ्या मते मालिका तिथे फिरते.

आता हे समोरासमोर आणायचं कोण ठरवतं? खेळ थांबला, शिट्टी झाली, की आधी पाहुण्या संघाला आपले पाच पाठवावे लागतात. मग रेफरी हात वर करतो, म्हणजे पाहुण्यांची मुदत संपली. आता यजमान प्रशिक्षक समोर कोण उभे आहेत ते बघून आपले पाच पाठवतो. यालाच शेवटचा बदल म्हणतात. डावखुरा फलंदाज क्रीजवर आल्याचं बघून कर्णधार ऑफस्पिनरच्या हाती चेंडू देतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे हे सामन्यात कितीतरी वेळा घडतं आणि टीव्हीवर नेमक्या त्याच क्षणी रिप्ले चालू असतो. पुढच्या वेळी फेसऑफच्या (पक टाकून खेळ पुन्हा सुरू करण्याच्या) आधी कॅमेरा बाकाकडे गेला तर नीट बघा. यजमान प्रशिक्षक कागदाकडे बघत नसतो. समोरच्या बाकावरून कुणाचा पाय कठड्यावर येतो इकडे त्याचं लक्ष असतं, आणि हात आधीच आपल्या एखाद्या सेंटरच्या (लाइनमधल्या मधल्या फॉरवर्डच्या) खांद्यावर ठेवलेला असतो.

पाहुण्या प्रशिक्षकाकडे यावर उपाय आहेत. खेळ चालू असताना बदल करता येतो, त्यामुळे तो आपल्या ताऱ्याला दहा सेकंदांत परत बोलावतो आणि समोरची बचावाची लाइन बाकावर गेली की पुन्हा आत सोडतो. बारा-सहाऐवजी अकरा फॉरवर्ड आणि सात डिफेन्समन घेतो, म्हणजे चौथ्या लाइनवर एक जागा रिकामी राहते आणि तिथे ताऱ्याला जादा पाळी देता येते. नाहीतर दोन तारे एकाच लाइनवर घालतो. एडमंटन अडचणीत आलं की मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसाइटल एकत्र दिसतात ते यामुळे. प्रेक्षक खूश होतात, मला मात्र ते बघितलं की वाटतं, बाकीच्या तीन लाइनवरचा प्रशिक्षकाचा विश्वास उडाला.

२०२५ची अंतिम मालिका यासाठी उत्तम उदाहरण आहे. फ्लोरिडा पँथर्सनी एडमंटन ऑइलर्सना ४-२ हरवलं (आधी चार सामने जिंकेल त्याची मालिका). घरच्या मैदानाचा फायदा एडमंटनकडे होता, म्हणजे पहिला, दुसरा, पाचवा आणि गरज पडली तर सातवा सामना त्यांच्याकडे. मॅकडेव्हिडला पूर्ण मालिकेत एकच गोल मिळाला. त्याचं श्रेय लोक अलेक्झांडर बार्कोवला देतात. तो बचावात सर्वोत्तम फॉरवर्डला मिळणाऱ्या सेल्की करंडकाचा मानकरी आहे, तेव्हा ते चुकीचं नाही. पण एडमंटनच्या बाजूने विचार करा. बार्कोव आणि सॅम राइनहार्ट पहिल्या लाइनवर, सॅम बेनेट आणि मॅथ्यू कचक दुसऱ्या लाइनवर. तुमची चांगली डिफेन्स जोडी या दोघींसमोर खर्ची पडली की तिसरी लाइन येते, आणि तिच्यावर अँटन लुंडेल, इटू लुओस्टारिनेन आणि ३७ वर्षांचा ब्रॅड मार्शांड! त्याला पँथर्सनी त्याच मोसमात मार्चमध्ये बॉस्टनकडून आणलं होतं. त्याने अंतिम मालिकेत सहा गोल केले, त्यातला एक दुसऱ्या सामन्यात दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये आणि दोन पाचव्या सामन्यात. हे दोन्ही सामने एडमंटनमध्ये झाले, जिथे शेवटचा बदल एडमंटनच्या प्रशिक्षकाकडे होता. पण शेवटचा बदल हातात असून उपयोग काय, जर पाठवायला माणूसच नसेल? तुमचे सहकारी ‘तिसरी लाइन’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं.

त्यामुळे घरच्या मैदानाला डोळे झाकून मार्क देऊ नका. त्याच वर्षी पहिल्या फेरीत लॉस एंजेलिस किंग्जकडे घरचा फायदा होता आणि नियमित मोसमात घरी त्यांनी ३१ सामने जिंकले होते. एडमंटनविरुद्ध पहिले दोन सामनेही जिंकले. मग एडमंटनने ओळीने चार जिंकून त्यांना घरी बसवलं, तेही २०२२पासून सलग चौथ्या वर्षी. त्या मालिकेतला तिसरा सामना शोधून बघा. एडमंटनने बरोबरीचा गोल केला, किंग्जच्या प्रशिक्षकाने गोलीला अडथळा झाला म्हणून दाद मागितली, ती फेटाळली गेली. चुकीच्या दादीला दोन मिनिटांची पेनल्टी असते. काही सेकंदांत एडमंटनने पॉवर प्लेवर (समोरचा एकजण पेनल्टीमुळे बाहेर असताना) पुढचा गोल ठोकला. हा निर्णय कुठल्याच मॅचअपच्या तक्त्यात बसत नाही.

सामन्यात वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड असतात, त्यातल्या दुसऱ्याकडे वेगळं लक्ष द्या. संघ बाजू बदलतात आणि तुमचा बाक तुमच्या गोलपासून लांब जातो. दमलेल्या पाचजणांना बाहेर यायला जास्त अंतर कापावं लागतं, आणि पक आपल्याच टोकाला अडकला असेल तर येताच येत नाही. त्यात कुणी घाबरून पक लांब फेकला आणि आयसिंग झालं (आपल्या अर्ध्यातून मारलेला पक थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे गेला), तर फेकणाऱ्या संघाला बदल करता येत नाही. तेच पाच धापा टाकत फेसऑफला उभे, समोर ताजी लाइन. मुलांच्या सामन्यातही मी हे दर आठवड्याला बघते. बाकावरून कितीही ओरडा, दमलेलं पोर आयसिंग करतंच. प्लेऑफच्या ओव्हरटाइममध्ये पहिल्या जादा पिरियडलाही बाक असाच लांब असतो, आणि तिथे शूटआउट (एकेकट्याने गोलीसमोर जाऊन निकाल लावणं) नाही. वीस-वीस मिनिटांचे पिरियड, पाचास पाच, पहिला गोल होईपर्यंत. तिथे चार लाइन खेळवणारा संघ आणि अडीच लाइनवर चालणारा संघ यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

लाइनअपच्या बातम्यांबद्दल. प्लेऑफमध्ये दुखापतीची खरी माहिती कुणी देत नाही. ‘अपर बॉडी’ किंवा ‘लोअर बॉडी’ एवढंच सांगतात, म्हणजे कमरेच्या वर की खाली. उगाच नाही, मनगट दुखतंय असं सांगितलं तर समोरचे स्टिक नेमकी मनगटावरच मारतात. संघ बाहेर पडला किंवा कप जिंकला की मग खरी यादी येते. २०२५मध्ये कचक मांडीचा स्नायू हाडापासून तुटलेला असताना खेळला. २०२२मध्ये ड्रायसाइटल घोट्याच्या वरची दुखापत घेऊन कॅलगरीविरुद्ध खेळला आणि पाच सामन्यांत त्याने १७ गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला दिलेला पास, मिळून) मिळवले. म्हणून ‘अमका जखमी आहे’ या बातमीवर मी पैसे लावत नाही. ‘अमका खेळणार नाही’ हे नक्की झालं तर मात्र लावते. झॅक हायमन २०२५च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत जखमी झाला आणि कपच्या मालिकेला मुकला, तेव्हा एडमंटनने फक्त एक विंगर गमावला नव्हता. गोलसमोर उभं राहून गोलीची नजर अडवणारा, कोपऱ्यातला पक काढून देणारा माणूस गेला, आणि त्याच्यामागोमाग मॅकडेव्हिडची लाइन व पहिलं पॉवर प्ले युनिट दोन्ही नव्याने जुळवावी लागली.

बातमी स्वतः काढायची असेल तर सामन्याच्या दिवशी सकाळचा सराव बघणाऱ्या पत्रकारांना फॉलो करा. सराव संपताना कोणता गोली आधी बर्फावरून उतरतो ते लिहितात, बहुतेक वेळा तोच रात्री खेळतो. जे खेळाडू शेवटपर्यंत रेंगाळून जादा सराव करतात ते बहुधा त्या दिवशी बाहेर बसणारे. संध्याकाळच्या वॉर्मअपमध्ये कोण कुणाबरोबर फिरतंय ते दिसतं, पण पहिल्या वाईट पिरियडनंतर त्या जोड्या मोडतात, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

आणि गोली. इथे माझ्या सगळ्या शहाणपणावर पाणी पडतं. २०२३मध्ये बॉस्टनने नियमित मोसमात ६५ सामने जिंकून विक्रम केला, त्यांचा लिनस उलमार्क त्या वर्षीचा सर्वोत्तम गोली ठरला. फ्लोरिडाविरुद्ध पहिल्या फेरीत ३-१ पुढे असलेली मालिका त्यांनी घालवली, आणि सातव्या सामन्यात गोलमध्ये उलमार्क नव्हता, जेरेमी स्वेमन होता. एडमंटनचं २०२५ तर अजब होतं. स्टुअर्ट स्किनर पहिले दोन सामने हरला, कॅल्विन पिकार्ड आला, ओळीने सहा जिंकला, जखमी झाला. स्किनर परत आला आणि तीन शटआउट (एकही गोल न खाल्लेले सामने) देऊन गेला. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात ०-३ असताना पहिल्या पिरियडनंतर त्याला पुन्हा काढलं, पिकार्ड आला आणि एडमंटन ओव्हरटाइममध्ये ५-४ जिंकलं. पाचव्यात पिकार्ड हरला, सहाव्यात स्किनर. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. म्हणून दोन संघ जवळपास सारखे वाटले तर मी गोली कोण चांगला हे बघत नाही. मोसमभर एकच गोली ठामपणे खेळवला गेला आहे का, ते बघते. मार्चमध्येही दोघांना आलटून-पालटून खेळवणारा प्रशिक्षक एप्रिलमध्ये मन घट्ट करील अशी आशा मी धरत नाही.

इथे तुमच्या पूलचा प्रकार महत्त्वाचा ठरतो, तो तुम्ही लिहिलेला नाही. मालिका कोण जिंकणार एवढंच सांगायचं असेल तर वरचं सगळं लागू: तिसरी लाइन, दुसरी डिफेन्स जोडी, गोलीचा ठामपणा, आणि मग घरचं मैदान, याच क्रमाने. पण खेळाडू निवडून त्यांचे गोल आणि असिस्ट मोजायचे असतील तर गणित निराळं. तिथे बार्कोवसारखा माणूस संघाला कितीही मोलाचा असला तरी तुमच्या कामाचा कमी. तिथे जास्त सामने खेळणारा आणि पहिल्या पॉवर प्ले युनिटवर असणारा खेळाडू हवा. २०२४मध्ये एडमंटन सातव्या सामन्यात कप हरलं, तरी मॅकडेव्हिडने २५ सामन्यांत ४२ गुण मिळवले आणि हरलेल्या संघात असूनही प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा पूलमध्ये आठ संघांतून आठ तारे उचलण्यापेक्षा, लांब जातील असे दोनतीन संघ धरून त्यांचेच खेळाडू घेणं मला पटतं. चुकलं तर साफ चुकतं, पण मधल्या नंबरला पैसे मिळत नाहीत ना.

राहिला प्रश्न प्रक्षेपणाचा. कॅनडात इंग्रजीत बघायचं तर मुख्य हक्क रॉजर्सच्या स्पोर्ट्सनेटकडे आहेत. २०१४-१५पासूनचा बारा वर्षांचा करार ५.२ अब्ज कॅनडियन डॉलरचा होता, आणि २०२६-२७पासूनच्या पुढच्या बारा वर्षांसाठी ११ अब्जांचा झालाय. तुमचं मासिक बिल कुठे जातं याचा अंदाज आला असेल. २०२५पर्यंत तरी बरेच प्लेऑफ सामने सीबीसीवरही दिसायचे, तेव्हा पैसे भरण्याआधी तिथे बघून घ्या. अमेरिकेत २०२१-२२पासून ईएसपीएन-एबीसी आणि टीएनटी यांनी हक्क वाटून घेतलेत, अंतिम मालिका आलटून-पालटून, सम वर्षी एबीसी आणि विषम वर्षी टीएनटी.

कोणाची कॉमेंट्री चांगली, यावर लोक घरात भांडतात. आपल्या संघाचा राग असलेला कॉमेंटेटर प्रत्येकालाच मिळालेला असतो. स्पोर्ट्सनेटवर २०२५ची अंतिम मालिका क्रिस कथबर्ट आणि क्रेग सिम्पसन यांनी सांगितली. सिम्पसन एडमंटनकडून दोन कप जिंकलेला खेळाडू, तेव्हा दोन्हीकडचे चाहते त्याच्यावर पक्षपाताचा आरोप करतात, यात नवल ते काय. नवख्या माणसाला मात्र मी दुसरीच कसोटी सांगीन: कॉमेंटेटर बर्फावर कोण आलं ते सांगतो का? अमेरिकन प्रक्षेपणात बऱ्याचदा एक जाणकार दोन बाकांच्या मधल्या जागेत उभा असतो, रे फेरारो हे काम फार छान करतो. त्याला प्रशिक्षकांचं बोलणं ऐकू येतं, बदल समोर दिसतात, आणि तो ते बोलून दाखवतो. मॅचअप शिकायला तेवढं पुरेसं आहे. संघाचं स्थानिक रेडिओ समालोचनही असंच उपयोगी, कारण त्यांना सगळं शब्दांतच उभं करावं लागतं. फक्त रेडिओ आणि टीव्ही एकत्र लावू नका, एक पुढे आणि एक मागे पळतो आणि गोल आधीच कळून बसतो.

ब्रॅम्प्टनमध्ये राहता म्हणून आणखी एक. पंजाबीतलं हॉकी नाइट इन कॅनडा २००८पासून आहे, ओम्नीवर लागतं. हरनारायण सिंग तिथूनच पुढे आला. २०१६च्या अंतिम मालिकेत पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल केला तेव्हा त्याने घेतलेला ‘बोनिनो, बोनिनो’चा सूर इतका गाजला की पंजाबी न कळणारे लोकही तो ऐकत बसले. पुढे तो इंग्रजीतही एनएचएलचे सामने सांगू लागला. हिंदी येणाऱ्या मराठी माणसाला ते अर्धंअधिक कळतं. तुमच्या शेजाऱ्यांपैकी कुणाकडे तरी नक्की लागत असेल. जाऊन बसा, चहाबरोबर फुकट शिकवणी होईल.

शेवटी एक सोपा प्रयोग. मालिका २-२-१-१-१ अशी चालते, म्हणजे दुसरा सामना एका गावात आणि तिसरा दुसऱ्या. एकच मालिका निवडा आणि हे दोन्ही सामने पहिल्या पिरियडपुरते बघा. पकचा नाद सोडा. दुसऱ्या सामन्यात जो संघ पाहुणा आहे त्याचा मोठा खेळाडू धरा, आणि दोन्ही सामन्यांत प्रत्येक फेसऑफला त्याच्यासमोर कोणता सेंटर आणि कोणती डिफेन्स जोडी उभी आहे, एवढंच कागदावर टिपा. दुसऱ्या सामन्यात जो सेंटर सतत समोर होता तो तिसऱ्यात गायब झाला, तर तो मॅचअप प्रशिक्षकाला हवा होता आणि आता समोरचा तो टाळतोय. गायब झाला नाही, तर समोरच्याला त्याची फिकीर नाही, किंवा टाळायला दुसरा माणूस नाही. यातलं कोणतं खरं, ते तिसऱ्या लाइनकडे बघून कळेल. पूल पहिल्या सामन्याआधी बंद होत असेल तर यंदा याचा उपयोग नाही, पण बहुतेक ऑफिसांत दर फेरीला नवी पानं भरून घेतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे ते कळवा, मग संघांबद्दल बोलू.